यंदा पट्टी धुतली नाही

दत्ता,

तू गेल्यापासून लोक माझ्या तोंडाकडे बघतायत. रडण्याच्या कामात माझं नाव आहे, हे तुला सांगायला नको. शिराळ्याला एका नागपंचमीच्या नाटकात मी नुसते मोकळे हात पुढे करून विंगेतून आत आलो आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. वाक्य अजून यायचंच होतं. असा माणूस आपल्या जिवलगाच्या सरणापाशी काय करेल, म्हणून कृष्णेच्या घाटावर अर्धी सांगली माझ्याभोवती जागा धरून उभी होती. मी काय केलं? धूर कुठल्या बाजूला चाललाय ते बघत उभा राहिलो. आग्नेयेला चालला होता. मिरजेकडे, आणि तिथून पुढे सीमेपलीकडे. तुझ्या गणितात होतं तसा.

डोळे कोरडे. दात उपटायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसा मी सगळाच झालोय. दुकान उघडतो. भाड्यानं द्यायच्या मिशा झटकतो, मुकुट पुसतो. गिऱ्हाईक आलं की विनोद करतो, ते हसतं, आणि मी त्याचं हसणं लांबून ऐकतो. चहा गरम होता की गार, ते कप खाली ठेवल्यावरही सांगता येत नाही. कमलवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही लिहा काहीतरी. ह्यांचं ते हवेचं वेड तुमच्याशिवाय कुणाला धड सांगता यायचं नाही." म्हणून बसलोय. तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहायला घेतलं की मी नट होतो, आणि तुझ्यापुढे ते मला कधीच जमलं नाही.

आपली ओळख दाढीवरून झाली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रसायनाच्या प्राध्यापकाला ऋषी करायची अक्कल कुणाला सुचली होती कोण जाणे. तू दाढी भाड्यानं न्यायला दुकानात आलास. मी डिंक लावून ती तुझ्या हनुवटीवर बसवत होतो आणि तू दाढीआडून विचारलंस, "हा डिंक कशात विरघळवलाय?"

"स्पिरिटमध्ये, मुनिवर्य."

"प्रमाण?"

"डोळ्यानं."

तू अशी मान झटकलीस की अर्धी दाढी माझ्या हातात आली. "डोळ्यानं हे काय प्रमाण झालं, गाढवा?"

पहिल्याच भेटीत गाढव! पुढे चारचौघांत तू मला 'मिशीवाले' म्हणायचास. दोघंच असलो की मात्र पुन्हा गाढव. गेले कित्येक दिवस मला कुणी गाढव म्हटलेलं नाही. सगळे फार जपून बोलतायत.

वेड लागलं ते ओवाळणीतून. तुमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठचं. थोरला आप्पा ऊस आणि गुऱ्हाळ बघणारा, तू शिकून सांगलीत आलेला, आणि तुम्हा दोघांहून मोठी गंगाआक्का दिलेली मिरजेच्या पुढे, सीमा ओलांडून. तेव्हा तिकडे म्हैसूर राज्य म्हणायचे, कर्नाटक नाव नंतर आलं. आक्का भाऊबीजेला न चुकता माहेरी यायची. एका वर्षी तू ताटात लुगडं न घालता नव्या जातीच्या भुईमुगाचं बी घातलंस. खटपट करून मिळवलेलं, फडक्यात बांधलेलं, वर हळदीकुंकू. आक्कानं ते डोक्यावरून नेलं. दाजींनी नदीकाठच्या तुकड्यात उन्हाळी भुईमूग टोकला. आणि चैत्रात पानांवर ठिपके पडले. बारीक, तपकिरी, जणू कुणी रानभर तपकीर शिंपडली. पानं पिवळी होऊन गळाली, शेंगा पोचट राहिल्या.

दाजी म्हणाले, "मेव्हण्यानं ववाळणीत रोग घातला."

त्या वर्षी भाऊबीजेला तुम्ही गावाकडच्या घरी पाट मांडला. वहिनींनी रांगोळी काढली. तू आंघोळ करून, टोपी घालून, पाटाशेजारी बसून राहिलास. दिवस मावळला तसा आप्पानं पाट उचलून भिंतीला लावला. मी तिथं होतो. काहीतरी गंमत करावी म्हणून तोंड उघडलं आणि तुझ्याकडे बघून मिटलं. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

पुढच्या उन्हाळ्यात आक्काच्या गावच्या जत्रेसाठी मी पडदे आणि तलवारी घेऊन निघालो, तर तू ट्रंकेचं दुसरं कडं धरून एस्टीत चढलास. दाजींनी त्या साली बी आपलं घरचं पेरलं होतं. ठिपके तरीही होतेच.

"बघा, बी तुमचं आहे आणि ठिपके तेच," तू बांधावरून म्हणालास.

"तुमचा रोग जमिनीत ऱ्हायला. ह्यो टिक्का हाय. आमास्नी शिकवू नगासा."

"टिक्का पावसाळ्यात येतो, दाजी. त्याला ओल लागते. ऐन चैत्रात, अशा कोरड्या हवेत..."

"मग ह्यो चैत्रातला टिक्का आसंल. शिकल्यालं बी दिलतंसा न्हवं!"

तू खाली बसलास, एक डहाळी वर केलीस. "हे बघा. ठिपके वरच्या अंगाला, खालचं अंग स्वच्छ. आणि हे पान ह्या दुसऱ्या पानाखाली दडलं होतं, तेवढा भाग हिरवागार. रोग असा ऊन-सावली बघून येत नाही, दाजी. हे हवेतनं आलंय."

दाजी माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुमी मिशा भाड्यानं देता न्हवं? ह्यास्नी एक झुपकेदार बघून द्या. मंग बोलनं तरी पटंल."

मी हसलो. चांगली कोटी झाली की मी शत्रूलाही दाद देतो. येताना अख्खी वाट तू त्या डहाळीची पानं उलटीपालटी करत बसलास, आणि मिरजेला उतरल्यावर म्हणालास, "हवेला मिशी नसते, एवढीच अडचण आहे."

मग तू वाचायला लागलास. कुठल्या कुठल्या परदेशी अंकांत तुला सापडलं की मोठ्या शहरांच्या धुरावर कडक ऊन पडलं की ओझोन नावाचा वायू तयार होतो, वाऱ्यानं लांब जातो आणि पानांवर असेच ठिपके पाडतो. मी म्हटलं, "ओझोन? तो तर पाचगणीला मिळतो. दमेकऱ्यांना मुद्दाम तो खायला पाठवतात!"

"तो वर आकाशात आहे तोवर आपला राखणदार. खाली आपल्या नाकाजवळ झाला की तोच पानं जाळतो, छातीत खवखव आणतो."

"म्हणजे माणूस तोच, भूमिका निराळी."

"एवढं तरी कळलं तुला."

आणि मग ते मॉडेल. तू 'प्रतिमान' म्हणायचास, माझे कारागीर समजत होते की तू गणपतीची आरास करतोयस. माझ्या दुकानातला अरण्याचा जुना पडदा तू उलटा अंथरलास, कोळशानं त्यावर कृष्णा काढलीस, सातारा, कराड, आष्टा, सांगली, मिरज, आणि सगळ्यात शेवटी आक्काचं गाव. प्रत्येकावर एक उघडी काडेपेटी ठेवलीस. काडेपेटी म्हणजे त्या गावावरची हवा. तिच्यात ज्वारीचे दाणे घातलेस, तो धूर. उसाच्या फडात पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळं, हमरस्त्यावरच्या लॉऱ्या, मिरजेची इंजिनं.

"मी काय करायचं?" मी विचारलं.

"तू सूर्य."

"संवाद?"

"सूर्याला संवाद नसतात. दिवा धरून उभा राहा."

मी स्टेजचा दिवा धरून उभा राहिलो. ऊन पडलं की तू काही ज्वारी काढून तिच्या जागी तुरी घालायचास. ज्वारी म्हणजे धूर, तूर म्हणजे ओझोन. मग वारा. उन्हाळ्यात दुपारचा वारा वरच्या अंगानं येतो आणि डोंगरांच्या मधून नदीबरोबर खाली जातो, तसे तू थोडे दाणे पुढच्या पेटीत सरकवायचास. थोड्या तुरी जमिनीला लागून संपल्या म्हणून बाहेर काढायचास. पुन्हा ऊन, पुन्हा वारा. कोणत्या पेटीतून किती सरकवायचं, किती शिजवायचं, किती संपवायचं, याचा हिशोब तू आधीच मांडलेला असायचा. मला वाटलं होतं की जिथं धूर जास्त तिथंच तुरी जास्त निघतील. तर नाही! कराडच्या पेटीत ज्वारीच ज्वारी आणि तुरी चार-दोन. पुढं पुढं ज्वारी कमी, तुरी जास्त. आणि शेवटची, आक्काच्या गावची पेटी तुरींनी अशी भरली की त्या पडद्यावर सांडायला लागल्या.

तू मांडी घालून ते बघत राहिलास. "शिजायला वेळ लागतो," म्हणालास. "चूल आमच्या गावात, आणि ताट तिच्या."

दिवा माझ्या हाताला पोळत होता. आपण ह्या एका वाक्यावर पुढची वर्षं भांडणार आहोत, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पेटीतल्या तुरी खऱ्या हवेत आहेत का, ते बघायचं म्हणून तू पट्ट्या केल्यास. वहिनींच्या पातेल्यात कांजी शिजवायची, तीत तुझं ते पांढरं औषध मिसळायचं, टिपकागद बुडवून अंधारात वाळवायचा आणि पट्ट्या कापून तपकिरीच्या रिकाम्या डब्यांत बंद करायच्या. सावलीत, वाऱ्याला दिवसभर टांगल्या आणि मग पाण्यात बुडवल्या की हवेत ओझोन असेल तितक्या त्या जांभळ्या होतात. कांजी ढवळायचं काम माझ्याकडे होतं. गुठळी झाली की तू घर डोक्यावर घ्यायचास. "गुठळी म्हणजे तिथं रंग जास्त! म्हणजे खोटा ओझोन! तू हवा तयार करतोयस, गाढवा!" वहिनी मागून म्हणायच्या, "अहो, खिरीतल्या गुठळ्यांना तर तुम्ही कधी एवढं बोलला नाहीत."

जांभळा किती, हे ठरवायला रंगांचा तक्ता लागतो. तो मी केला, माझ्या रंगपेटीतून. फिकट ते गडद असे पाच रंग लावले आणि तुला चिडवायला त्यांना नावं दिली: दासी, विदूषक, प्रधान, राजा, राक्षस. तू चिडला नाहीस. तू ती वापरायलाच लागलास. पुण्याहून तुझे एक ओळखीचे शास्त्रज्ञ आले होते, त्यांनी तुझ्या नकाशावर 'मिरज: राजा' वाचलं आणि इतिहासाचं काही काम आहे का म्हणून विचारलं.

चैत्र-वैशाख जत्रांचे, म्हणजे माझे धंद्याचे दिवस आणि तुझ्या ओझोनचेही. गावोगाव मी मिशांबरोबर डब्या वाटत गेलो. एकदा सीमेच्या नाक्यावर आपण दोघं होतो, आठवतं? ट्रंकेत आठ तलवारी आणि एक गदा, तिकडे नाकेदारानं बघितलंही नाही. त्याचं लक्ष डब्यांवर.

"ह्यात काय हाय?"

"हवा," तू म्हणालास. सरळ उत्तर द्यायची ती तुझी खोड.

"कुटली हवा?"

"साताऱ्याकडची."

"मालाची पावती?"

"मालक, हा माल रोज दुपारी तुमच्या डोक्यावरनं इकडून तिकडं जातो. पावती न घेता. आम्ही तेवढंच मोजायला आलोय."

त्यानं वर बघितलं. खरोखर मान वर करून आभाळाकडे बघितलं. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "ह्यास्नी डाक्टरकडं न्यायला लागलाय व्हय?" मी डोळ्यांत पाणी आणून होकार दिला आणि आपण सुटलो. तेव्हा यायचं पाणी. पाहिजे तेव्हा यायचं.

डब्या परत यायला लागल्या तसा एक नवाच खेळ सुरू झाला. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे तुझ्या गणितात धरलेलं नव्हतं. एका डबीत गुळाचा खडा, पट्टी त्याला चिकटलेली. एका डबीत अंगारा. आष्ट्याच्या हॉटेलवाल्यानं तर पट्टीला वारा लागू नये म्हणून ती भट्टीवर टांगली होती. ती काळीठिक्कर. मी म्हटलं, "ही राक्षसाच्याही पुढची. हिला पात्र नाही."

आणि आक्काची डबी. जत्रेच्या गर्दीत तिनं ती माझ्या हातून पदराखाली घेतली होती, गोठ्याच्या वळचणीला टांगली होती, आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. राखेनं घासून लखलखीत. आत भुईमुगाच्या शेंगा आणि वर पट्टी, कापडासारखी पांढरी.

"लय निळं-जांभळं डाग पडलं हुतं बगा, भाऊ. दत्तूची वस्तू, आशी कशी दिऊ? दोन पाण्यातनं काडली."

मी सांगलीला येऊन ती डबी तुझ्यापुढं ठेवली. हसावं की कपाळ बडवावं हे मला ठरवता येत नव्हतं, दोन्हींची तयारी ठेवली होती. तू पट्टी उजेडात धरलीस. मग बाजूला ठेवलीस आणि तिच्या शेंगा एकेक फोडून खायला लागलास. पोचट होत्या.

"डाग पडले होते म्हणाली ना?"

"निळे-जांभळे."

"राजा की राक्षस?"

"दत्ता, तिनं धुतले ते."

बाकी सगळ्या गावांचे रंग तुझ्या पेट्यांशी जुळले. तुमच्या गावात दासी, सांगलीत प्रधान, मिरजेला राजा. जी एक पट्टी तुला हवी होती, जिच्यासाठी हा सगळा संसार मांडला होता, तीच आली नाही. आक्काकडे राक्षस असला तर ठिपके हवेचे. आणि ठिपके हवेचे असले तर ओवाळणी निर्दोष.

आता आपलं भांडण. ते अर्ध्यात टाकून गेलास, म्हणून मी पुन्हा काढतो. मी म्हणत होतो, दाजींना एवढंच सांग की बी चांगलं होतं, दोष हवेचा. हवा कुणाची असते? कुणाचीच नाही. आक्का भाऊबीजेला येईल, विषय संपला. तू म्हणालास, "हवा कुणाची नसते, पण धूर असतो. त्यात आमच्या गुऱ्हाळाचा आहे, आमच्या पाचटाचा आहे."

"साऱ्या खोऱ्याचा आहे! तुमचा त्यात चिमूटभर!"

"चिमूट तर चिमूट. बियाचा आळ काढायला मी हवेचं गणित मांडणार, आणि त्याच गणितातली आमची पेटी झाकून ठेवणार? मग ते गणित नाही. तुझं नाटक झालं."

"नाटकानं माणसं एकत्र येतात, गड्या. तुझ्या गणितानं काय होतं ते बघू."

बघितलं. तू गेलास आणि दाजींना सगळं सांगितलंस, चूल आणि ताट धरून. आक्का दाराआड उभी होती. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आदी बी तुमचं. आता वारं पन तुमचंच. मंग ह्यात आमचं काय ऱ्हायलं?"

"नुकसान," आक्का आतून म्हणाली.

दाजी उठून गोठ्यात निघून गेले. तू पाणी न पिता परत आलास. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत मी डबी नेत राहिलो आणि दाजी ती न उघडता देवळीत ठेवत राहिले. भाऊबीजेला पाट मांडायचं तुम्ही सोडून दिलंत.

मी अजूनही म्हणतो की अर्धंच सांगायला हवं होतंस. आणि एक गोष्ट मी कधीच बोललो नाही. तुझं गणित मला पहिल्या दिवशीच पटलं होतं, तो दिवा हातात धरून उभा होतो तेव्हाच. शेवटच्या पेटीतून तुरी सांडल्या, तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या. पण तुला पटलं म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, "कशावरून?" आणि माझ्याकडे एकच उत्तर होतं. डोळ्यानं.

तू कसा गेलास ते मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की उन्हं कडक होती, आणि कुणीतरी माझ्या हातात आक्काला करायच्या तारेचा कागद दिला. मी तो लिहिला. अक्षर चांगलं आलं.

आक्का सरणाला पोचली नाही. त्याबद्दल लोक बोलले. मला राग आला नाही, मला तेव्हा काहीच येत नव्हतं.

दहाव्याला ती आली. बरोबर दाजी. घाटावरचं सगळं उरकून तुझ्या सांगलीच्या घरी ओसरीवर बसलो होतो. आप्पा एका खांबाला टेकून, वहिनी आत. आक्का रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "भाऊ, ही घ्या," आणि पदराखालून डबी काढली. तीच. ह्या खेपेला घासलेली नव्हती. वर शेणाचं बोट लागलेलं होतं.

उघडली. शेंगा. आणि त्यांच्यावर एका पानात गुंडाळलेली पट्टी.

"यंदा धुतली न्हाई," ती म्हणाली.

दाजी खाली बघत बोलायला लागले. माणूस कधी नाही ते एवढं बोलत होता. "तार आली तवा ही लगीच निगाली. म्या म्हनलं, थांब. त्यांचं काम ऱ्हायलंय आपल्याकडं. हिला मान्य न्हवतं, लय भांडली. दुसऱ्या दिवशी देवळीतली डबी काडली न् रानातल्या छपराला, सावलीला बांदली. पोरं हात लावत्यात, गुरं खात्यात, म्हनून दिसभर तितंच हुबा ऱ्हायलो. पाव्हणं, सरनाला पोचता आलं न्हाई त्ये त्येच्यामुळं. लोक काय बोलत्यात ते आयकलंय म्या."

मी आत जाऊन तुझ्या टेबलावरचा तक्ता आणला. वहिनींनी तांब्या पुढं केला. मी झाकणीत पाणी ओतलं आणि पट्टी बुडवली. इतकी प्रयोगांची सवय मला, पण हात कसा धरायचा ते कळेना. पांढऱ्याचं करडं झालं. करड्याचं जांभळं. विदूषक गेला, प्रधान गेला. राजाशी येऊन रंग जरा थांबल्यासारखा वाटला, आणि आक्कानं माझं मनगट घट्ट धरलं.

राक्षस, दत्ता. राक्षसच. माझ्या तक्त्यातल्या राक्षसापेक्षाही थोडा गडद, म्हणजे तुला मला सुनावायला आणखी एक कारण झालं असतं.

"ह्ये काय म्हनायचं?" दाजींनी विचारलं.

"बी चांगलं होतं," मी म्हटलं. मी तिथंच थांबू शकलो असतो. माझ्या मताप्रमाणे थांबायलाच हवं होतं, आप्पा समोर बसला होता. "आणि धूर वरनं येतोय. आमच्याकडनं."

आप्पा खांबापासून सरळ झाला. दाजींनी ती पट्टी बोटाच्या टोकानं पालथी करून बघितली. "बियाचं कळलं," ते म्हणाले. "धुराचं काय ते तुमी भनी-भाऊ बगा. म्या मधी न्हाई." आणि आप्पाकडे वळून, जसं काही काल बोलणं अर्धं राहिलं होतं, "हिला चार दिस घिऊन जावा. लय वर्सं झाली."

आक्कानं डोळे पुसले. "जाते. पन भाऊ, मला आनी एक पट्टी पायजे. आप्पाच्या गुऱ्हाळावर बांदते."

"आक्का, तिथं पट्टी पांढरीच राहील. रंग तुमच्याकडं येतो."

"मंग दोनी शेजारी धरून दावते त्येला. त्येची पांढरी न् माजी ही. बगू, माज्याम्होरं पाचाट कसा पेटवतो."

आप्पा म्हणाला, "आक्का, आगं, आज तरी..." आणि पुढं त्याला काही सुचलं नाही. तुमच्या घरात आक्कापुढं कुणाला कधी काही सुचलेलं नाही, तू मला सांगितलं होतंस.

शेंगा आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. पोचटच आहेत अजून. डबी मी ठेवून घेतली, आक्का गावाला निघायच्या आधी परत द्यायची म्हणून. ती रिकामी देता येत नाही. मग काल दुपारी दुकान बंद करून तुझ्या घरी आलो. वहिनींनी न विचारता पातेलं काढून दिलं. मी कांजी चढवली, तुझं पांढरं औषध तुझ्याच मापानं घातलं, डोळ्यानं नाही. ढवळत राहिलो. खिडकीतून ऊन येत होतं. पुढच्या गल्लीत कुणीतरी कचरा पेटवला होता, त्याचा धूर मिरजेच्या बाजूला निघाला होता.

गुठळी झाली. चांगली बोराएवढी, मधोमध.

मी पळी थांबवली. वहिनीही दारात थांबल्या. आम्ही दोघं जरा वेळ तसेच उभे राहिलो, तुझी हाक येईल म्हणून.